बिडाचा तवा कोळशाच्या शेगडीवर ठेवला की घावण का चिकटते?

गॅसवर वर्षभर विनातक्रार चालणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा कोळशाच्या शेगडीवर चढवला की घावण चिकटू लागते, ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते आणि तिचे स्वरूपही बहुधा एकच असते. घावणाचा मधला भाग करपतो, कडा पांढरट आणि ओलसर राहतात, उलथणे एका बाजूने सहज आत जाते आणि दुसऱ्या बाजूला अडते, आणि ताटात अखंड घावणाऐवजी त्याचे तुकडे येतात. दोष अर्थातच तव्याला दिला जातो. तो खरवडून घासला जातो, तेल लावून पुन्हा मुरवला जातो, गॅसवर चार दिवस उत्तम चालतो आणि पुढच्या वेळी शेगडीवर गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हे असे वारंवार घडते, कारण दुरुस्ती तव्याची होते आणि बिघाड मात्र निखाऱ्यांच्या मांडणीत असतो.

पुढचे विवेचन मुख्यतः घावणाला धरून केले आहे. तांदळाच्या पातळ पिठाचे घावण तव्यावरच्या तापमानातील फरक सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे दाखवते. आंबोळी, धिरडे आणि थालीपीठ थोडी चूक पोटात घालतात, पण त्यांची तक्रारही मुळात हीच असते.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

काहीही घासण्यापूर्वी किंवा मुरवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. तव्याची मूठ, किंवा दोन कानांचा तवा असल्यास त्यातील एक कान, शेगडीच्या दाराच्या दिशेने ठेवून एक घावण घालावे. ते कुठे चिकटले आणि कुठे करपले, हे मुठीच्या संदर्भाने लक्षात ठेवावे. मग तवा अर्धा फिरवून, म्हणजे मूठ दाराच्या विरुद्ध बाजूला नेऊन, पाच-सात मिनिटे थांबावे आणि दुसरे घावण घालावे. करपलेला डाग मुठीबरोबर फिरला, म्हणजे तव्याच्या त्याच जागी पुन्हा उमटला, तर दोष तव्याच्या पृष्ठभागात आहे. डाग मुठीबरोबर न फिरता शेगडीच्या त्याच बाजूला राहिला, तर तवा निर्दोष असून विस्तवाकडे पाहायला हवे. डाग बरोबर मधोमध असेल तर मात्र तवा फिरवून काहीच कळणार नाही. अशा वेळी तवा दोन-तीन बोटे एका बाजूला सरकवून पाहावे. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा निकाल विस्तवाच्या विरोधातच लागतो.

थांबण्याची ती पाच-सात मिनिटे गाळू नयेत. बीड आपली जुनी उष्णता लगेच सोडत नाही, त्यामुळे तवा फिरवल्याबरोबर घातलेले घावण आधीच्याच मांडणीची साक्ष देते आणि परीक्षा खोटी ठरते.

दुसरी खूण तव्यावर उरलेल्या अवशेषांत सापडते. घावण सोडवल्यानंतर तव्यावर काय राहिले ते जवळून पाहावे. पांढुरका, खळीसारखा चिकट पापुद्रा राहिला असेल आणि तो बोटाने चोळल्यावर त्याच्या वळ्या होत असतील, तर त्या जागी तवा पुरेसा तापलेला नव्हता. तांदळातील पिष्ट साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगून चिकट होते. तवा मंद असला की त्याचा खालचा थर कोरडा होऊन सुटण्याआधीच धातूला घट्ट धरून बसतो. याउलट उरलेले कण काळपट, कडक आणि उलथण्याने टोकरल्यावर खटकन उडणारे असतील, तर तिथे तवा प्रमाणाबाहेर तापला होता. त्यावरचे तेल घावण पडण्याआधीच जळून गेले होते आणि पीठ उघड्या धातूला लागले होते. तक्रार एकच, कारणे मात्र परस्परविरुद्ध, आणि शेगडीवर ही दोन्ही कारणे एकाच घावणाखाली एकाच वेळी हजर असू शकतात: मध्ये काळे कण आणि कडेला खळ. अशा वेळी विस्तव सरसकट वाढवून किंवा कमी करून उपयोग होत नाही, कारण एका जागेचा इलाज दुसऱ्या जागेचा आजार वाढवतो.

बीड उष्णता पसरवत नाही, साठवते

बिडाचा तवा आच सगळीकडे सारखी पसरवतो, अशी एक लोकप्रिय समजूत आहे आणि या तक्रारीचे मूळ मला तिच्यातच दिसते. बीड उष्णता चांगली साठवते हे खरे, पण ती आडवी पसरवण्यात ते ॲल्युमिनियमच्या बरेच मागे आहे. त्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या साधारण पाव पट भरते. ढोबळ हिशेब केला तर पाच मिलिमीटर जाडीच्या तव्यात खालची आच वरच्या पृष्ठभागावर यायला दोन-तीन सेकंद पुरतात, पण तीच आच मध्यापासून पंधरा सेंटिमीटर दूर असलेल्या कडेपर्यंत केवळ धातूतून पोहोचायला वीस मिनिटांच्या घरात वेळ लागतो. म्हणजे निखाऱ्यांची मांडणी जशी असेल तसाच तिचा ठसा तव्यावर उमटतो, आणि त्या मांडणीतील उणीव भरून काढण्याइतकी घाई बीड कधीच करत नाही.

गॅसवर ही गोष्ट जाणवत नाही, कारण तिथे ज्योत तव्याच्या बुडाला लागून कडेकडे सरकते आणि जाता जाता कडाही तापवते. निखाऱ्याची आच मुख्यतः प्रारणाने, म्हणजे सरळ रेषेत, समोर येईल त्याच भागावर पडते. फुललेल्या निखाऱ्याचे तापमान साधारण ७०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते, आणि प्रारणाचा नियम असा की बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या, तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे ७०० अंशांवरचा निखारा वारा घातल्याने ९०० अंशांवर गेला, तर त्याची आच थोडीथोडकी न वाढता दुपटीहून अधिक होते. विंझण्याचे चार फटकारे मारल्यावर पुढचे घावण एकाएकी का करपते, याचे उत्तर या चौथ्या घातात आहे.

साठवणीचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. तीस सेंटिमीटर व्यासाचा आणि पाच मिलिमीटर जाडीचा तवा साधारण अडीच किलो भरतो. तो ३० अंशांवरून २१० अंशांवर न्यायला सुमारे २०० किलोज्यूल उष्णता लागते. एका पळीभर पातळ पिठातील पाणी तापून त्याचा काही भाग वाफ होऊन जाण्यात यातील ५० ते ६० किलोज्यूल खर्च होतात. खालून काहीच भर पडली नाही, तर एका घावणामागे तवा ५० अंशांच्या आसपास उतरेल. प्रत्यक्षात निखारे ही तूट भरत असतात, पण ते मंदावले असतील तर पहिले घावण सुरेख, दुसरे बरे आणि तिसरे चिकटलेले, असा क्रम दिसतो. पहिले बिघडले आणि पुढची सुधारत गेली तर तवा पुरेसा न तापताच सुरुवात झाली. पहिले चांगले निघाले आणि पुढची बिघडत गेली तर निखारे कमी पडत आहेत. हा क्रम टिपून ठेवला तर निम्मे निदान तिथेच होते.

निखाऱ्यांची मांडणी

शेगडीत कोळसे ओतले की त्यांचा मधोमध ढीग होतो आणि बहुतेक जण तो तसाच पेटवतात. तव्याच्या मध्यावर सगळ्या बाजूंच्या निखाऱ्यांची आच एकत्र पडते, तर कडेला ती एकाच बाजूने पडते. शिवाय कडेची उष्णता बाहेरच्या हवेत जात राहते. म्हणून निखारे नीट फुलले, त्यांच्यावर राखेची पातळ पांढरी साय धरली आणि धूर पूर्ण थांबला की चिमट्याने ते कडेकडे सारून त्यांचे रिंगण करावे, आणि मध्ये दोन-चार लहान निखारे विरळ ठेवावेत. मध्य पूर्ण मोकळा ठेवला तर तिथे थंड डाग पडतो, म्हणून तो रिकामा नव्हे, विरळ हवा. निखारे आणि तव्याचे बूड यांत साधारण चार बोटांचे, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरांचे अंतर असले की प्रत्येक निखाऱ्याचा वेगळा डाग न उमटता आच एकमेकींत मिसळते. त्याहून जवळ आणल्यास घावणाच्या पाठीवर निखाऱ्यांचा नकाशाच उमटतो.

कोळशाचे तुकडे शक्यतो सारख्या आकाराचे घ्यावेत. मोठा ढेकळासारखा तुकडा आणि भुगा एकत्र असला तर भुगा जाळीची भोके बुजवतो आणि मोठा तुकडा अर्ध्या स्वयंपाकापर्यंत आतून काळाच राहतो. लाकडी कोळसा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा यांपैकी काहीही चालते. करवंटीचा कोळसा धूर कमी करतो आणि त्याची आच एकसारखी मिळते. दगडी कोळसा मात्र अन्नाखाली कधीच वापरू नये. पेटवण्यासाठी रॉकेल ओतण्याची सवयही सोडावी, कारण त्याचा वास तव्याला आणि पहिल्या दोन-तीन घावणांना हमखास लागतो. सुकी करवंटी किंवा गोवरीचा तुकडा हे काम निमूटपणे करतात.

मांडणी जमली की नाही हे तपासायला पिठासारखे साधन नाही. कोरड्या तव्यावर तांदळाचे किंवा गव्हाचे पीठ चिमटीने सर्वत्र सारखे भुरभुरावे आणि तव्याकडे नुसते पाहत राहावे. जिथे ते आधी बदामी होते तिथे आच जास्त. जिथे ते पांढरेच राहते तिथे निखारे सारायला हवेत. पीठ फडक्याने पुसून टाकावे, निखारे हलवावेत, काही मिनिटे थांबून परीक्षा पुन्हा करावी. सुरुवातीच्या या पाव तासाचा कंटाळा केला तर पुढचा तासभर तव्याशी झटापट करावी लागते.

पाण्याचा थेंब टाकून तवा तपासण्याची घरोघरची पद्धत चांगली आहे, पण शेगडीवर ती अपुरी पडते. तवा मंद असेल तर थेंब पसरतो आणि चुरचुरत आटतो. पृष्ठभाग साधारण २०० अंशांच्या आसपास गेला की थेंब न पसरता गोल होतो आणि तव्यावर पळत सुटतो. घावणासाठी तोच क्षण योग्य. अडचण अशी की तवा ३०० अंशांवर असला तरी थेंब तसाच पळतो. म्हणजे ही परीक्षा खालची मर्यादा सांगते, वरची सांगत नाही. घरच्या गॅसवर मध्यम आचेला बिडाचा तवा सहसा इतका चढत नाही म्हणून आपले भागून जाते. निखाऱ्यांवर तो रिकामा राहिला तर सहज चढतो. वरच्या मर्यादेसाठी तेलाकडे पाहावे. तेलाचा बोळा फिरवताच भसकन धूर आला तर तवा जास्त तापला आहे. तो शेगडीवरून उतरवून दोन मिनिटे विटेवर ठेवावा. हातात धरायचे इन्फ्रारेड थर्मामीटर घरात असेल तर काळ्या, मुरलेल्या तव्यावर ते बऱ्यापैकी खरे सांगते. घावणासाठी २०० ते २२० अंश आणि थालीपिठासाठी १६० ते १८० अंश धरावेत.

तव्याने शेगडीचे तोंड बंद होणे

हे कारण सर्वांत कमी लक्षात येते. पत्र्याच्या बादलीसारख्या शेगडीत हवा खालच्या दारातून शिरते, जाळीतून वर येते, निखाऱ्यांना प्राणवायू देते आणि वरच्या तोंडातून बाहेर पडते. त्या तोंडावर तोंडाहून मोठा, सपाट आणि जड तवा बसवला की गरम वायूंना वाट उरत नाही. वरून बाहेर पडणारी हवा थांबली की खालून येणारीही थांबते. तवा ठेवताना लालबुंद असलेले निखारे पाच-दहा मिनिटांत काळवंडतात, घरची मंडळी कोळसा वाईट निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावतात, आणि तवा उचलून पाहावे तर निखारे डोळ्यांदेखत पुन्हा फुलतात. ही खूण इतकी नेमकी आहे की ती दिसल्यावर दुसरे कारण शोधत बसण्याची गरज नाही.

इलाज सोपा आहे. शेगडीच्या कडेवर तीन उंचवटे असतात, ते झिजले किंवा वाकले असतील तर विटेचे किंवा फरशीचे तीन सारख्या जाडीचे तुकडे ठेवून तवा दोन-तीन सेंटिमीटर उचलून धरावा. तीनच तुकडे घ्यावेत, कारण चारांवर तवा डुगडुगतो. त्याच वेळी तवा समतल आहे ना तेही पाहून घ्यावे. कोमट तव्यावर चमचाभर पाणी टाकले की ते कुठे धावते ते दिसते. एका बाजूला कललेल्या तव्यावर पीठ तिकडेच साचते, तिथला थर जाड होऊन कच्चा राहतो आणि ते पाहून आपण निखाऱ्यांना दोष देतो.

अमेरिकेत किंवा युरोपात परसातल्या गोल झाकणाच्या ग्रिलवर घावणे करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच अनुभव येतो, फक्त तिथे तवा बहुधा दोन चुलींवर बसणारा लांबट आयताकृती असतो आणि तो ग्रिलच्या गजांचा बराचसा भाग झाकून टाकतो. तव्याच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-चार बोटे मोकळी जागा सुटेल असाच तवा घ्यावा, तळाची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि घावण करताना ग्रिलचे मोठे झाकण लावू नये. वाफेसाठी तव्यावरच एखादे खोलगट झाकण घालावे, जसे आपण घरी घालतो.

वारा, राख आणि नवा कोळसा

गॅलरीत किंवा अंगणात वाऱ्याच्या बाजूचे निखारे जास्त फुलतात आणि तव्याची तीच बाजू करपते. आडोसा करता आला तर उत्तम, नाहीतर दर दोन घावणांमागे तवा पाव वळसा फिरवावा. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो.

निखाऱ्यांवरचा राखेचा पातळ थर आच सौम्य करतो, तो चांगलाच. पण थर जाड झाला की आच अडते. अशा वेळी वरून फुंकर मारली किंवा विंझणा हलवला तर राख थेट पिठाच्या पातेल्यात जाते. वारा घालायचा तो नेहमी खालच्या दारातून, आणि तोही तव्यावर घावण नसताना. राख पाडण्यासाठी निखारे चिमट्याने हलकेच ठोकले किंवा शेगडी थोडी हलवली तरी पुरते. दाराशी साचलेली राखही मधूनमधून ओढून काढावी, कारण ती जाळीपर्यंत चढली की हवेची वाट खालूनच बंद होते.

आच उतरली म्हणून तव्याखाली काळे कोळसे सरकवणे ही तर नेहमीची घाई. न पेटलेला कोळसा पेटताना आजूबाजूच्या निखाऱ्यांची उष्णता घेतो, धूर सोडतो आणि त्याच्या वरची तव्याची जागा थंड पाडतो; पावसाळ्यात ओलसर झालेला असेल तर तडतडून ठिणग्याही उडवतो. ज्यांना दहा-बारांहून अधिक घावणे करायची आहेत त्यांनी एका लहान घमेल्यात किंवा जुन्या डब्यात कोळशांची दुसरी खेप वेगळी पेटवून ठेवावी आणि लागतील तसे लाल निखारेच रिंगणात घालावेत. आणि ते वेळेआधी घालावेत: निखाऱ्यांत केलेला बदल तव्यावर स्थिरावायला पाच ते दहा मिनिटे लागतात, त्यामुळे घावण चिकटल्यावर निखारे घालणे म्हणजे वरातीमागून घोडे.

तेल आणि तव्याचा काळा थर

मुरलेल्या तव्यावरचा काळा, गुळगुळीत थर म्हणजे उष्णतेने रूपांतर होऊन धातूला बिलगलेले तेलच असते, आणि तेच घावण सोडवते. साधारण ४०० अंशांच्या पलीकडे हा थर जळून जातो. भरगच्च निखाऱ्यांवर तवा रिकामा ठेवून कोणी चटणी वाटायला आत गेले, तर परत येईपर्यंत मधोमध करडा, कोरडा, हाताला खरखरीत लागणारा डाग पडलेला असतो. तो डाग उद्या गंजतो आणि परवा घावण धरतो. शेगडीवरून गॅसवर परत नेल्यावरही चिकटणारे तवे बहुधा असेच मध्यावर जळलेले असतात. इथे दोष तव्यात खरोखरच आहे, पण तोही विस्तवानेच घडवलेला. तेव्हा तवा चढवायचा तो पीठ कालवून, कांदा चिरून आणि तेलाची वाटी हाताशी ठेवूनच.

तेल लावण्यासाठी मूठभर रचलेला कापडाचा बोळा, नारळाची शेंडी किंवा काट्याला टोचलेला अर्धा कांदा, काहीही घ्यावे. मला कांदा आवडतो, कारण त्याच्या ओलाव्याने तव्यावरचे जळके कण निघून येतात आणि अति तापलेली जागा किंचित निवते. तेल दिसता कामा नये, नुसती चमक दिसावी. जास्त तेल असले की पातळ पीठ तव्याला न लागता त्यावर घसरते, घावणाला जाळी पडत नाही, आणि उरलेले तेल कडेला साचून पुढे चिकट, पिवळसर राळेसारखे होते. तो चिकटपणा मुरलेला थर समजून तसाच ठेवणारे पुष्कळ असतात. तो घासून काढायचाच असतो.

करडा डाग भरून काढायचा झाल्यास तवा धुऊन मंद आचेवर पूर्ण कोरडा करावा, शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या शुद्ध केलेल्या तेलाचे दोन-चार थेंब सगळीकडे चोळावेत आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने, जणू तेल चुकून सांडले होते अशा निकराने, ते पुसून काढावे. राहील तेवढाच थर पुरे. तवा पालथा घालून धूर येईपर्यंत आणि मग धूर थांबेपर्यंत तापवावा, निवू द्यावा आणि हे तीन-चार वेळा करावे. स्वयंपाक उरकल्यावर शेगडीत उरलेले मावळते निखारे या कामाला फार सोयीचे असतात. त्यांची आच थर जाळण्याइतकी नसते आणि मुरवण्याइतकी असते.

पिठाबद्दल थोडेच सांगायचे आहे. तांदळाचे पीठ पातेल्याच्या तळाशी बसते, म्हणून प्रत्येक पळीपूर्वी ते तळापासून ढवळावे. एरवी वरची घावणे पाणीदार होऊन फाटतात आणि तळची जाड होऊन चिकटतात, आणि हा दोषही शेगडीच्या खात्यावर जमा होतो. पीठ कडेकडून मध्याकडे घालत यावे. मध्ये आच थोडी जास्त असतेच, तिथे पीठ शेवटी पडले की हिशेब आपोआप जुळतो.

विस्तवाच्या वयाप्रमाणे पदार्थ

निखारे फुलल्यापासून विझेपर्यंत आच सतत बदलत असते, त्यामुळे एकाच पदार्थासाठी ती तासभर स्थिर राखण्याची धडपड करण्यापेक्षा पदार्थांचा क्रम तिच्या कलाने लावावा. रिंगण ताजे आणि प्रखर असताना घावणे उरकावीत. आच थोडी उतरली की आंबोळ्या घालाव्यात. त्यांचे पीठ दाट आणि आंबवलेले असल्यामुळे त्यांना आतपर्यंत शिजायला वेळ हवा असतो आणि प्रखर तव्यावर त्या वरून करपून आतून कच्च्या राहतात. त्यानंतर थालीपिठे. भाजणीचे थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून, त्या भोकात आणि कडेने तेल सोडून, झाकण घालून मंद आचेवरच खुसखुशीत होते. अगदी शेवटी, तवा उतरवल्यावर, राखेत वांगे खुपसावे. हा क्रम उलटा करून आधी थालीपिठे आणि मग घावणे करू पाहणाऱ्याला दोन्हीकडून त्रास होतो.

सावधगिरी

पेटता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि धूर थांबल्यावरही तो निघतच असतो. शेगडी बंद स्वयंपाकघरात, काचेने बंद केलेल्या गॅलरीत किंवा पावसाळ्यात गाडीच्या गॅरेजमध्ये आणू नये. खिडकी किलकिली ठेवल्याने काम भागत नाही. उरलेले निखारे रात्री उबेसाठी खोलीत ठेवण्याचा प्रकार तर जिवावर बेततो. राख वरून थंड दिसली तरी आत निखारा तासन्‌तास जिवंत राहू शकतो, तेव्हा ती प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता पत्र्याच्या डब्यात झाकून दुसऱ्या दिवशीच फेकावी.

तवा उतरवल्यावर त्यावर थंड पाणी ओतू नये. लोखंडी पत्र्याचा तवा अशाने फार तर वाकतो. बीड ठिसूळ असल्यामुळे तडकते. करपलेले कण काढायचेच असतील तर तवा हात लावण्याइतका निवल्यावर जाड मीठ आणि फडके घेऊन घासावा, धुऊन लगेच विस्तवावर कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवून ठेवून द्यावा. कोकणातल्या पावसाळ्यात धुतलेला तवा नुसता पालथा घालून ठेवला तर सकाळपर्यंत तांबूस होतो.

हे सगळे करूनही घावण तव्याच्या एकाच ठरावीक रेषेवर फाटत असेल आणि तवा फिरवल्यावर ती रेषाही त्याच्याबरोबर फिरत असेल, तर तवा थंड असताना तो कानाला धरून लोंबकळता ठेवावा आणि लाकडी उलथण्याने हलकेच ठोकावा. अखंड बीड खणखणते. केसासारखा तडा गेलेला असेल तर आवाज बद्द येतो. खात्री करायची असल्यास कोरड्या तव्याच्या वरच्या बाजूला त्या रेषेवर तेल चोळून तासाभराने खालची बाजू पाहावी. तडा आरपार असेल तर तिथे ओलसर रेघ उमटते. असा तवा मुरवून बरा होत नाही, आणि तो वेल्डिंग करून आणण्याच्याही भानगडीत पडू नये, कारण बिडाला दिलेला जोड शेगडीच्या आचेवर पुन्हा उघडण्याची भीती असते. त्याची जागा भंगारात, आणि नवा तवा घेताना दुकानातच ठोकून पाहावा.